मसाल्याचा डबा वरच्या फळीवर: वऱ्हाडातल्या चुलीवरचं स्पॅनिश घरगुती जेवण

सगळ्यात आधी गरम मसाल्याचा डबा वरच्या फळीवर ठेवून द्या. त्याच्याच शेजारी तिखटाची बरणी. हाताशी ठेवायचं ते मीठ, लसूण, जिरं, तेल आणि पुढे सांगते ती धुराची मिरची. वऱ्हाडातल्या बाईला हे सांगणं सोपं नाही. आमच्याकडे रश्श्यावर तर्री दिसली नाही तर पाहुण्याला वाटतं, आपलं येणं घरच्यांना आवडलेलं दिसत नाही. पण स्पॅनिश घरातलं रोजचं जेवण करायचं तर नवं सामान फारसं लागतच नाही. चणे आहेत, तांदूळ आहे, आलू, वांगे, टमाटर, कांदे, अंडी, गावरान कोंबडी, शिळी पोळी, सगळं घरात आहे. शिकायचं ते हात आवरणं.

हे मी हॉटेलात खाऊन सांगत नाही. माझी मुलगी स्पेनमधल्या व्हॅलेन्सिया शहरात असते, तिच्या बाळंतपणाला गेले होते. शेजारच्या दारात एक म्हातारं जोडपं राहायचं. बाई मूळची एक्स्त्रेमादुराची, म्हणजे पोर्तुगालच्या सीमेकडच्या कोरड्या, मेंढपाळांच्या मुलखातली. नवरा मात्र व्हॅलेन्सियाचाच, पिढीजात संत्रेवाला. आम्ही वरुड तालुक्यातले, आमच्याही वावरात संत्राच. तेव्हा ओळख व्हायला भाषा लागली नाही. तिने भांड्यात बोट दाखवायचं, मी मान हलवायची, आणि फारच अडलं तर बाळाला मांडीवर घेऊन बसलेल्या लेकीने मधे दोन शब्द सांगायचे. रोजचा स्वयंपाक बाईचा, रविवारचा भात नवऱ्याचा, अशी त्यांच्या घरातली वाटणी होती. खाली लिहिलंय ते त्या दोघांच्या हातचं, आमच्या चुलीवर बसवलेलं.

तेल आणि धुराची मिरची

तिथे सगळं ऑलिव्हच्या तेलात. दक्षिण स्पेनमधल्या आंदालुसियातला हाएन नावाचा एक जिल्हा आहे, जगात ऑलिव्हचं तेल सगळ्यात जास्त तिथेच निघतं. त्यांना ते स्वस्त पडतं, आपल्याला नाही. म्हणून माझा हिशोब असा. जे शिजवायचं ते घाणीच्या फल्लीतेलात करा. चव वेगळी येते, वाईट येत नाही. ऑलिव्हची लहान बाटली आणायची ती फक्त कच्चं घालायला, गार टमाटरात किंवा भाजलेल्या वांग्यावर. आणताना लेबल वाचा. ‘पोमेस’ लिहिलेलं घेऊ नका, ते फळ पिळून राहिलेल्या चोथ्यातून रसायन वापरून काढलेलं असतं. ‘एक्स्ट्रा व्हर्जिन’ लिहिलेलंच घ्या. सोयाबीनचं तेल इथे अजिबात चालत नाही, कारण या जेवणात तेलाचा वास झाकायला दुसरं काही नसतं.

धुराची मिरची म्हणजे त्या बाईच्या माहेरची वस्तू. एक्स्त्रेमादुरात ला व्हेरा नावाचा भाग आहे. तिथे शरदात पाऊस लागतो, मिरची उन्हात वाळत नाही, म्हणून माळ्यावर पसरून खाली ओकचं लाकूड जाळतात आणि दोन आठवडे वगैरे धुरावर वाळवतात. मग दळतात. गोड, मधली आणि तिखट अशी तीन जातीची मिळते. घरात बहुतेक गोडच वापरतात. आपल्याकडे शहरात डबी मिळते, महाग असते. मी घरीच करते. ब्याडगी मिरची पाव किलो घ्या, देठ आणि बिया काढा. भिवापुरी घेऊ नका. भिवापूरच्या मिरचीचं नाव मोठं आहे, पण ती तिखट, आणि इथे रंग आणि धूर हवा, जाळ नको. मिरच्या तारेच्या जाळीवर पसरून चुलीपासून दोन हात वर टांगा. सकाळ-संध्याकाळचा स्वयंपाक होतो तेवढ्यात आठ-दहा दिवसांत चांगला धूर बसतो. लाकूड संत्र्याचं किंवा बाभळीचं असावं. गोवरीचा धूर नको, वास राहतो. जाळीला ज्वाळ लागू देऊ नका. मग एक दिवस उन्हात कडक करून मिक्सरवर बारीक दळा आणि काचेच्या बरणीत घट्ट झाकून ठेवा.

ही मिरची उकळत्या तेलात कधीच टाकायची नाही. भांडं खाली उतरवायचं, मिरची घालायची, एकदा ढवळायची आणि लगेच टमाटर किंवा पाणी. क्षणभर उशीर झाला तरी कडू होते.

तमालपत्राबद्दलही सांगून टाकते. तिथे डाळी-चण्यात एक वाळकं पान टाकतात, पण ते झाड वेगळं. आपल्या तेजपानाला दालचिनीकडे झुकणारा वास असतो आणि तो टाकला की भांड्यात पुलाव शिजतोय असं वाटतं. मी टाकतच नाही.

टमाटर किसायचा

टमाटर चिरायचा नाही. आडवा अर्धा कापा, कापलेली बाजू किसणीवर घासा. गर खाली पडतो, साल हातात राहते. मिक्सर धुवावा लागत नाही आणि फेसही होत नाही. हा गर कांदा-लसणाबरोबर तेलात मंद आचेवर शिजवायचा. किती वेळ? आपल्याकडे ‘तेल सुटेपर्यंत’ म्हणतात तिथवर तर न्यायचंच, पण मोठ्या जाळावर घाईने नाही. कांदा लाल करायचा नाही, गोड आणि मऊ करायचा. अर्धा तास लागला तर लागू द्या. तिथल्या बहुतेक रस्स्यांचा पाया हाच आहे, आणि त्या पायात आलं, धने, खोबरं, कसुरी मेथी काहीही नाही. माझी जाऊ पहिल्यांदा बघत होती तेव्हा तिने विचारलं, “अवो, आणि मसाला कवा टाकता?” मी म्हटलं, टाकून झाला.

चणे आणि पालक

आठवड्यातून एकदा करावं असं हे जेवण आहे आणि मला विचाराल तर सगळ्यात आधी हेच करून बघा. आंदालुसियात, सेव्हिलकडे याचं फार प्रस्थ. ईस्टरच्या आधी चाळीस दिवस ते लोक उपास पाळत, त्यात शुक्रवारी मांस वर्ज्य, म्हणून अशी चण्या-पालकाची भांडी घराघरात चढत. गळ्यात माळ असलेल्या घरालाही सोयीचं आहे.

पाव किलो काबुली चणे घ्या. आपल्याकडे पेरतात ते ‘काक-२’ म्हणजे अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचं वाण. दाणा टपोरा, सालही पातळ. रात्री कोमट पाण्यात चमचाभर मीठ घालून भिजवा. सोडा टाकू नका, साल सुटून लगदा होतो. सकाळी गरम पाण्यातच शिजायला टाका. मधे पाणी कमी पडलं तर वरून घालायचं तेही उकळतं. थंड पाणी पडलं की चणा आखडतो, मग कितीही शिजवा, आतून कचकच राहते; निदान त्या बाईचा यावर ठाम विश्वास होता आणि तिचे चणे लोण्यासारखे असत, तेव्हा मी वाद घातला नाही. चुलीवर दीड-दोन तास, कुकरला चार-पाच शिट्ट्या. पाणी फेकू नका, त्याच पाण्यात सगळा जीव असतो.

आता खरी गंमत. कढईत अर्धी वाटी तेल घ्या. लसणाच्या सहा पाकळ्या अख्ख्या टाकून सोनेरी करा, काढून घ्या. त्याच तेलात पावाचे दोन काप तळा, तेही काढा. पाव नसेल तर शिळ्या पोळीचे तुकडे तळा, काही बिघडत नाही. लसूण, तळलेला पाव, चमचाभर जिरं आणि थोडं मीठ खलात घालून कुटा, वर दोन चमचे सिरका घाला. दाट वाटण होतं. रस्सा दाट करायला त्यांच्याकडे दाण्याचा कूट नाही, बेसन नाही, हे आहे.

उरलेल्या तेलात एक मोठा कांदा आणि दोन टमाटरांचा किसलेला गर वर सांगितला तसा सावकाश शिजवा. कढई उतरवा, चमचाभर धुराची मिरची, लगेच चणे आणि त्यांचं पाणी. पुन्हा चुलीवर. उकळी आली की धुऊन चिरलेला पालक, दोन मोठ्या जुड्या. शेवटी खलातलं वाटण थोड्या रश्श्यात कालवून सोडा आणि पाऊण तास नाही, पंधरा मिनिटंच मंद आचेवर राहू द्या. वरून फोडणी नाही. सांबार, म्हणजे कोथिंबीर, नाही. लिंबूही नाही, सिरका आहेच.

चाकवत मिळत असेल तर पालकाऐवजी तो. हिवाळ्यात हरभऱ्याचा कोवळा पाला खुडून घातला तर फारच छान, पण त्याला आंब असते, म्हणून तेव्हा सिरका अर्धाच. अंबाडी घालू नका.

तिथे पाव बुडवून खातात. आम्ही ज्वारीच्या भाकरीशी खातो, आणि भाकरीच याला जास्त शोभते. दुसऱ्या दिवशी आणखी चांगलं लागतं, त्यामुळे भांडंभर करा. मसुरही याच रीतीने होते, वाटणाशिवाय, आत गाजर आणि आलूच्या फोडी घालून. आलू सुरीने सरळ कापू नका. सुरी अर्धी रुतवून तुकडा मोडून काढा, कड खडबडीत राहते, पीठ सुटतं आणि रस्सा आपोआप दाट होतो. मसुरीवर त्यांच्यात एक म्हणच आहे: मसूर आहे, खायची तर खा, नाही तर राहू दे. तोंड वाकडं करणाऱ्या पोराला आईने म्हणायची.

रविवारचा भात

हा पुरुषांनी करायचा. तिथेही बाहेर, अंगणात किंवा शेतातल्या घरी, लाकडावर, आणि करणारा बहुधा बापच. वावरात रोडग्यांचा कार्यक्रम असला की आमच्याकडचे पुरुष जसे बाह्या वर करतात, तेच चित्र. यांनाही मी म्हटलं, रोडगे भाजता येतात ना, मग हेही येईल.

शहरातल्या हॉटेलात पाएया म्हणून पिवळा भात, वाटाणे, कोळंबी, सॉसेजचे तुकडे असं काहीबाही देतात. व्हॅलेन्सियाच्या लोकांना याचा भारी राग. असल्याला ते ‘भात आणि वस्तू’ म्हणतात. त्यांचा मूळ भात शेतकऱ्याचा आहे. गावाच्या दक्षिणेला अल्बुफेरा नावाचं मोठं तळं, भोवती धानाची बांधी, आणि त्या शेतात जे मिळेल ते भातात: कोंबडी, ससा, चपट्या हिरव्या शेंगा, मोठा पांढरा वाल, टमाटर, कधी गोगलगायी. २०२१ मध्ये तिथल्या प्रांतिक सरकारने या भाताला सांस्कृतिक वारसा म्हणून मान्यता दिली. पाण्याबद्दलही ते इतकेच काटेकोर. तिथे दर गुरुवारी दुपारी बाराला मोठ्या चर्चच्या दारात शेतकऱ्यांनीच निवडलेले पंच बसतात आणि पाटाच्या पाण्याची भांडणं तोंडी निकालात काढतात. मी जाऊन बघितलं. बोअर दरवर्षी खोल नेणाऱ्या आमच्या तालुक्यात असे पंच कोणी बसवले तर त्यांना जेवायलाही उठता येणार नाही.

भांडं. खोल गंज चालत नाही, कढई चालत नाही. पसरट, सपाट बुडाचं, पातळ लोखंडाचं हवं. जिलेबीवाल्याकडे असते ती तई अगदी नेमकी. सहा-सात माणसांना दीड फुटाहून थोडी मोठी. शिजलेल्या भाताचा थर बोटाच्या एका पेराहून जाड नको, म्हणून माणसं वाढली की भांडं खोल करायचं नाही, रुंद करायचं. गॅसवर एवढी तई बसत नाही, मधे जळते आणि कडेला कच्ची राहते. गॅसच असेल तर तिघांपुरताच करा आणि भांडं फिरवत राहा.

लाकूड. तिथे संत्र्याची छाटणी जाळतात, आणि हे ऐकून मला हसूच आलं. तोडा झाल्यावर आपण संत्र्याच्या झाडावरची सल, म्हणजे वाळक्या काड्या, काढतो आणि बांधावर पेटवून देतो. तेच जमवून ठेवा, चांगलं वाळू द्या. बारीक काड्या भडकन जळतात आणि या भाताला आधी मोठा जाळ, नंतर मंद, असंच लागतं. संत्रा नसेल तर पऱ्हाटी आणि शेवटी थोडी तुराटी. तीन दगड मांडा, तई ठेवा, त्यात थोडं पाणी ओतून बघा. पाणी एका बाजूला गेलं तर दगड हलवा. हे आधीच केलं नाही तर पुढे काही हाती राहत नाही.

तांदूळ. त्यांचा दाणा आखूड, गोल, जाड; बोम्बा नावाचा तांदूळ सगळ्यात नावाजलेला. तो रस पितो आणि फुटत नाही. आपल्याकडे जाडा, निदान वर्षभर जुना तांदूळ घ्या. बासमती नको. आणि नागभीड तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडे यांनी शोधलेला एचएमटी वरण-भातासाठीच ठेवा; इतका बारीक दाणा या जाळावर टिकत नाही. तांदूळ धुवायचा नाही, कोरडाच टाकायचा.

सहा जणांना लागेल ते एवढं: अर्धा किलो तांदूळ, एक किलो कोंबडी हाडासकट बारीक तुकडे करून, पाव किलो बरबटीच्या किंवा घेवड्याच्या शेंगा, वाटीभर पोपटाचे, म्हणजे वालाचे, ओले दाणे, दोन टमाटर, वाटीभराला कमी तेल, धुराची मिरची एक चमचा, चिमूटभर केशर. केशर नसेल तर हळद, पण नखभरच. तिथेही कित्येक घरांत केशराऐवजी रंगाची पुडीच टाकतात, तेव्हा लाजायचं कारण नाही. कांदा नाही. लसूणही न घालणारे पुष्कळ.

तेल तापलं की त्यात मीठ टाका, मग कोंबडी. इथे घाई करणाऱ्याने भात करूच नये. मध्यम आचेवर पंचवीस मिनिटं, सगळ्या बाजूंनी तांबूस होईपर्यंत. वेगळा रस्सा करायचा नसतो, जी चव येणार ती या परतण्यातूनच. कोंबडी कडेला सारा, मधे शेंगा आणि दाणे परता, मग टमाटरचा गर, तो आटला की जाळ ओढून घ्या, मिरची, आणि लगेच पाणी, तई काठोकाठ भरत येईपर्यंत. आता अर्धा तास उकळू द्या. गावरान कोंबडी असेल तर पाऊण तासही लागेल, पाणी घालत राहा. केशर टाका. मीठ चाखा, पाणी जरा खारटच लागलं पाहिजे, कारण तांदूळ आळणी आहे.

तांदूळ टाकण्याआधी पाणी किती राहिलं ते बघा. एका वाटीला अडीच वाट्या, फार जुना असेल तर तीन. व्हॅलेन्सियाचे म्हातारे मोजत नाहीत. ते तांदूळ तईच्या या काठापासून त्या काठापर्यंत वरंब्यासारखा एका ओळीत ओततात, वरंब्याचा माथा पाण्याच्या जरासा वर दिसला की माप झालं. मग सराट्याने एकदाच सगळीकडे सारखा पसरायचा.

आणि सराटा ठेवून द्यायचा. यापुढे ढवळायचं नाही. झाकायचं नाही. आठ-दहा मिनिटं मोठा जाळ, मग लाकडं ओढून आठ-दहा मिनिटं निखाऱ्यावर. आमच्या ह्यांना ही वीस मिनिटं फार जड गेली. हात सारखा सराट्याकडे जायचा. पाणी दिसेनासं झालं की पुन्हा मूठभर तुराट्या घाला आणि कान द्या. बुडातून चुरचुर आवाज येतो, भाजल्याचा वास येतो. करपल्याचा वास यायच्या आधी उतरवा. ती जी बुडाला लालसर खरवड धरते, तिच्यासाठीच हे सगळं. आमच्याकडे खरवड म्हणजे भांडं घासणारीची डोकेदुखी; तिथे तिच्यावरून भावाभावांत वाद होतात. पाच मिनिटं वर स्वच्छ फडकं टाकून ठेवा.

ते लोक तई मधे ठेवून लाकडी चमच्यांनी थेट तिच्यातूनच खातात. प्रत्येकाने आपल्या समोरच्या त्रिकोणातलंच खायचं, शेजाऱ्याच्या हद्दीत चमचा नाही. आपल्याकडे उष्ट्याचा विचार असतो, म्हणून म्हाताऱ्यांना आधी ताटात वाढून घ्या. पोरांना तईभोवती बसवा. सोबत काही नको, फार तर मिठात घोळलेला कच्चा कांदा. रात्री हा भात करू नका. तिथेही तो दुपारचाच, तोही दोन-तीन वाजता, कारण त्यानंतर कामाला कोणी जात नाही.

मे महिन्यात

त्रेचाळीस-चव्वेचाळीस डिग्रीत चूल पेटवायची इच्छा होत नाही तेव्हा गाझपाचो करा. आंदालुसियातल्या शेतमजुरांचं हे खाणं. अमेरिकेतून टमाटर यायच्या आधी शिळा पाव, लसूण, तेल, सिरका, मीठ आणि पाणी एवढंच कुटून ते पीत. आता एक किलो अगदी पिकलेले टमाटर, एक काकडी, एक छोटी शिमला मिरची, लसणाची एकच पाकळी, मूठभर भिजवलेला शिळा पाव, दोन चमचे सिरका, मीठ. सगळं मिक्सरमधून काढा, फिरवता फिरवता चार चमचे ऑलिव्हचं तेल सोडा, गाळा, आणि तास-दोन तास गार होऊ द्या. फ्रीज नसेल तर बरणी ओल्या फडक्यात गुंडाळून माठाशेजारी ठेवा. टमाटर मातीमोल होतात तेव्हा दिवसाआड करा. यात हिरवी मिरची घालायचा मोह होईल. एकदा घातली की थांबता येत नाही आणि मग ती चटणी होते.

काकडी वगळून, पाव दुप्पट घातला की दाट होतं. कोर्दोबाकडे ते वाटीत घेऊन वर उकडलेल्या अंड्याचा चुरा टाकतात. भाकरीशीही जातं.

आलू-अंड्याची जाड पोळी

पाऊण किलो आलू, सहा अंडी, एक कांदा. कांदा घालावा की नाही यावर त्या देशात घरं फुटतात. मी घालते. आलूच्या पातळ चकत्या भरपूर तेलात, अगदी मंद आचेवर, वीस मिनिटं. तळायच्या नाहीत, तेलात शिजवायच्या. रंग बदलता कामा नये. चाळणीत निथळा, तेल पुन्हा वापरता येतं. अंडी मीठ घालून फेटा, आलू त्यात घाला आणि दहा मिनिटं तसंच मुरू द्या. छोट्या, न चिकटणाऱ्या तव्यात चमचाभर तेलावर ओता, कडा धरल्या की वर ताट पालथं धरून एका झटक्यात उलटवा आणि पुन्हा तव्यात सरकवा. झटका एकच, मनात शंका नको. आत थोडं ओलं राहिलं पाहिजे. ह्यांनी पहिला घास घेतला आणि म्हणाले, “काहून वं, तिखट सरलं का घरातलं?” आता गार झाल्यावर पोळीत गुंडाळून वावरात नेतात. बाजूला कच्चा कांदा आणि हिरवी मिरची घेतात, ते मी बघत नाही.

शिळा पाव

त्या बाईच्या माहेरी, मेंढपाळांच्या मुलखात, शिळा पाव म्हणजे सकाळचं जेवण. गावातल्या बेकरीचा दोन-तीन दिवसांचा पाव अर्धा किलो, हाताने बारीक तोडा. रात्री मिठाच्या पाण्याचा नुसता शिपका मारून ओल्या फडक्यात बांधून ठेवा, भिजवायचा नाही. सकाळी लोखंडी कढईत तेलात सालीसकट आठ-दहा लसूण पाकळ्या, उतरवून धुराची मिरची, मग पाव. आता इथे मात्र हात थांबवायचा नाही, अर्धा तास हलवत राहायचं. दाणा दाणा मोकळा, बाहेरून खुटखुटीत, आतून मऊ. आपण पोळीचा कुस्करा करतो, त्यात हळद-मिरची-कांदा पडतो. इथे लसूण आणि धूर एवढंच. वर तळलेलं अंडं. ते द्राक्षं घेतात तोंडी लावायला, आम्ही संत्र्याच्या फोडी घेतो, आणि मृगाचा बहार घरात असेल तर दुसरं काही नकोच.

पूर्वी रानात सगळे एकाच कढईतून खात. नियम असा की एक चमचा घ्यायचा आणि एक पाऊल मागे सरायचं, म्हणजे दुसऱ्याला जागा होते आणि हावरटाला चाप बसतो. पोरांना हे फार आवडतं. लग्नघरातल्या बफेला लावून बघावा हा नियम.

वांगे

पऱ्हाटीच्या जाळावर वांगे, शिमला मिरची आणि अख्खे कांदे सालीसकट काळे करा, झाकून ठेवा, साल काढा आणि ठेचायच्याऐवजी हाताने लांब लांब फाडा. मीठ, कच्चं ऑलिव्हचं तेल. कातालोनियात असं करतात. भरीत म्हणून वाढू नका, घरात भांडण होईल. वेगळं म्हणून वाढा.

गोडाला म्हणाल तर तिथे रोज फळच. सणावाराला दुधातला भात: जाडा तांदूळ दुधात तासभर मंद शिजवायचा, दालचिनीचा तुकडा आणि लिंबाच्या सालीची पट्टी घालून, साखर शेवटी. वेलची नको, जायफळ नको. साल काढताना पांढरा भाग येऊ देऊ नका, कडवटपणा उतरतो. संत्र्याची साल घालून बघितली, तीही छान लागते.

तईबद्दल एक राहिलं. नवीन आणली की पाणी आणि वाटीभर सिरका उकळून ओता, पुसा, तेल लावून तापवा. जेवणानंतर खरवड सोडवायला कोमट पाणी घालून तासभर ठेवा, नारळाच्या काथ्याने घासा, राख किंवा पावडर लावू नका. लगेच चुलीवर कोरडी करा आणि गरम असतानाच तेलाचा बोळा फिरवून कागदात गुंडाळून ठेवा. पावसाळ्यात महिन्यातून एकदा काढून बघा. आपल्या हवेत लोखंड तेवढं वाट बघत नाही.